बंद तोंडाची नळी

फैजपूरच्या लोकेश नेहेत्यांनी सुरतेहून
जुनी स्पोर्ट्स कार आणली. सहा सिलिंडर, दोन दारं,
पोट इतकं खाली की स्पीडब्रेकरला तिरकी घ्यावी लागते.
दारात उभी करून म्हणाले,
मुनाफभाई, आवाज पाहिजे. पण आवाज नको.

मी म्हटलं, बसा. चहा सांगतो.
माझ्याकडे रोज येतात ती पोरं वेगळी.
जाळी काढा, आतून सगळं रिकामं करा,
नाहाटा चौफुलीवर रेस दिली तर
यावलला कळलं पाहिजे भो.

लोकेश बशीत चहा ओतत म्हणाले,
मिसेस मालगाडी चालवते.
रात्री खंडवा, रात्री बडनेरा,
सकाळी येते ती डोक्यात अठ्ठावन्न वाघिणी घेऊन.
ती आडवी होते नऊला,
अन् नऊलाच मी निघतो सावद्याला, केळीच्या भावाला.

(ह्या गाडीत? म्हटलं.
ह्याच गाडीत, म्हणाले. मागच्या सीटवर एक घड बसतो.)

जुना मफलर कापला.
आतली लोकर जळून कोळसा झालेली,
चिमटीत धरली तर पीठ.

माझे अब्बा पिंजारी.
खांद्यावर पिंजण, वरणगाव ते बोदवड पायी.
दारात कधी ओरडले नाहीत.
तातीवर मोगरीचा एक टोला, टुंग,
की बायका गाद्या ओट्यावर आणून टाकायच्या.
जोरात मारलं तर तात तुटते, म्हणायचे,
हळू मारलं तर कापूस उठत नाही.
आता गाद्या फोमच्या. पिंजण माळ्यावर आहे,
तात उंदरांनी खाल्ली.

मी काचेची लोकर भरतो.
स्टीलच्या जाळीदार नळीभोवती, थरावर थर,
कोपरापर्यंत खाज सुटते, रात्री खोबरेल चोळावं लागतं.
दाबून भरली तर आवाज जिरत नाही,
सैल भरली तर चार महिन्यांत धुरासोबत उडून जाते.
किती दाबायची ते कुणी सांगितलं नव्हतं.

अडीच इंची पाइप. दोन्ही बाजू मधे एकमेकींना छेदल्या.
वेल्डिंगचे टाके बारीक, नखाएवढे.
मे महिना, शेडवर पत्रा, आत छेचाळीस,
मास्कच्या आत घाम हनुवटीवरून थेंब थेंब.

हतनूरच्या रस्त्यावर ट्रायल घेतली.
खाली मऊ, वर गेली की दमदार, घसा साफ.
फक्त बावीसशे ते चोवीसशेच्या मधे
एक घुमारा. कानात भुंगा शिरून बसल्यासारखा.
चालतंय, लोकेश म्हणाले.
मी म्हटलं, नाही चालत.

मग बाजूला एक नळी जोडली, साडेतीन फूट.
शेवटाला तोंड बंद.
हिच्यातून धूर कुठे जातो?
कुठंच नाही.
मग ही करते काय?
आवाज आत शिरतो, शेवटाला धडकतो,
उलटा फिरून येतो अन् पुढच्याला आडवा होतो.
दोघंही गप.
अशी माणसं असतात घरात, असं तोंडावर आलं होतं.
म्हटलं नाही. बिल वाढलं होतं, तेच सांगितलं.

गाडी न्यायला धनश्रीबाई सोबत आल्या.
सकाळचे आठ, ड्युटीवरून सरळ,
हातात लोखंडी पेटी, डोळे तांबडे.
चालू करा, म्हणाल्या.
मागे जाऊन उभ्या राहिल्या, डोळे मिटून.
माझ्या दुकानात असं कुणी ऐकलं नव्हतं.
मग बोलल्या, डाव्या अंगाला काहीतरी सैल आहे.
मला राग आला. तीन वेळा तपासलेलं काम.
हातमोजा चढवून खाली सरकलो.
डाव्या क्लॅम्पचा बोल्ट. अर्धा आटा.

पिळून बाहेर आलो, तर त्या बाकावर,
पेटी उशाला, तोंड किंचित उघडं,
गाढ.
इंजिन चालूच होतं, दोन हातांवर.

लोकेश चावीकडे वळले.
मी मान हलवली. राहू द्या.